क्षेमाची विद्या

संस्कृतात ‘योगक्षेम’ असा एक अर्थगर्भ जोडशब्द आहे. जे आपल्यापाशी नाही ते मिळविणे हा योग आणि जे मिळाले ते राखणे हे क्षेम, असा त्याचा अर्थ जुन्या भाष्यकारांनी लावलेला आहे. संसाराचा योगक्षेम चालविणे हा प्रयोग मराठीत घरोघर रुळला आहे. इतिहासाच्या ग्रंथांत मात्र या जोडीतील पहिल्या शब्दालाच सारा मान मिळालेला दिसतो. धरण कोणी बांधले, आगगाडी केव्हा धावू लागली, विजेचा पहिला दिवा कोठे लागला, या गोष्टी शाळकरी मुलांनाही पाठ असतात. परंतु ते धरण पाझरू नये, ती गाडी रुळावरून घसरू नये, तो दिवा मालवू नये म्हणून पुढील पन्नास वर्षे ज्यांनी रात्री जागविल्या, त्यांची नोंद क्वचितच कोठे सापडते. कारण उघड आहे. उभारणीचा समारंभ होतो, राखणीचा होत नाही. राखणदाराचे काम उत्तम झाले म्हणजे काहीच घडत नाही. आणि ‘आज काही घडले नाही’ ही बातमी कोणी छापीत नाही.

अशा या उपेक्षित कामाला विसाव्या शतकात शास्त्राची प्रतिष्ठा कशी मिळाली, आणि ते शास्त्र नोकरी सोडू न शकणाऱ्या माणसाच्या घरापर्यंत टपालाने कसे पोचले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्याचे धागे अनेक देशांतून आलेले आहेत; पण ते सारे एकत्र विणले गेलेले पाहावयाचे असतील, तर ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील एका खोऱ्याकडे वळले पाहिजे.

व्हिक्टोरिया राज्याची राजधानी मेलबर्न. तिच्या पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर, गिप्सलँड प्रांतात, लाट्रोब नदीचे खोरे आहे. या खोऱ्याच्या पोटात तपकिरी कोळशाचे प्रचंड थर आहेत. आपल्याकडे नेव्हेली येथे सापडतो त्याच जातीचा हा कोळसा. वरची माती दूर केली की हाती लागणारा, परंतु अतिशय ओला. खाणीतून निघतो तेव्हा त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. दूरवर वाहून न्यावा तर पाण्याचेच भाडे भरावे लागावे! तेव्हा तो खाणीच्या काठावरच जाळून त्याची वीज करावी आणि ती तारांनी शहराकडे न्यावी, हाच मार्ग उरला. काळ्या कोळशासाठी व्हिक्टोरियाला शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या तोंडाकडे पाहावे लागे, आणि तेथील संपांनी मेलबर्नचे व्यवहार अडून पडत. या परावलंबनातून सुटण्यासाठी १९२१ साली राज्याचे विद्युत् मंडळ स्थापन झाले, आणि त्याचे अध्यक्षपद सर जॉन मोनॅश यांच्याकडे आले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी ऑस्ट्रेलियन सैन्याचे नेतृत्व करणारा हा सेनानी मूळचा अभियंता होता. तरुणपणी पैशाच्या अडचणीमुळे त्याचे विद्यापीठातील शिक्षण मध्येच खंडित झाले होते. पुलांच्या आणि लोहमार्गाच्या कामावर नोकरी करीत असतानाच त्याने पुन्हा अभ्यास हाती घेतला, १८९१ मध्ये स्थापत्यशास्त्राची पदवी आणि १८९३ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविली, आणि त्यावर कला व कायदा या शाखांच्या पदव्यांचीही भर घातली. दिवसा काम आणि रात्री पुस्तक, हा क्रम पुढे ज्या विद्यापीठाला त्याचे नाव मिळाले, त्या विद्यापीठाच्या एका शाखेने सहस्रावधी मैल दूर असलेल्या नोकरदारांसाठी खुला करावा, हा योगायोग खरोखर लक्षणीय आहे.

१९२४ साली यालोर्न येथील केंद्रातून मेलबर्नला वीज मिळू लागली. पण वीज आली म्हणजे काम संपले असे झाले नाही. नव्या खाणीतील कोळसा अपेक्षेपेक्षाही ओला निघाला, आणि त्यापायी बॉयलरांत फेरफार करावे लागले. १९३४ च्या डिसेंबरात लाट्रोब नदीला महापूर येऊन पाणी थेट खाणीत शिरले. एकीकडे मैलोगणती कोळसा वाहून नेणारे पट्टे, दुसरीकडे अहोरात्र फिरणारी टर्बाइने, मधे राखेने आणि वाफेने झिजणाऱ्या नळ्या, असा हा संसार होता. वीज साठवून ठेवता येत नव्हती. म्हणून यंत्र थांबले की शहर थांबे. अशा ठिकाणी फिटर, ऑपरेटर आणि देखभाल अभियंता यांचे महत्त्व काय असते, हे वेगळे सांगावयास नको. १९२८ मध्येच यालोर्नला एक तांत्रिक शाळा निघाली ती याच गरजेतून. खोऱ्यातील मुले तीत शिकली आणि केंद्रात कामाला लागली. पुढे कित्येक वर्षे या खोऱ्यात यंत्रे राखण्याचे ज्ञान एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती असेच जात राहिले.

हे ज्ञान हातातले होते, कानातले होते. बेअरिंगवर लाकडी दांडा टेकवून आवाज ऐकणारा जुना कारागीर बिघाड ओळखी, पण कसा ओळखला हे त्याला सांगता येत नसे. शास्त्राचा आरंभ होतो तो अशा ज्ञानाला शब्द आणि आकडे मिळाल्यावर. आणि आकडे मिळू लागले तेव्हा पहिला धक्का बसला तो एका अत्यंत प्रतिष्ठित समजुतीला. यंत्र जसजसे जुने होते तसतसा त्याच्या बिघाडाचा संभव वाढतो; म्हणून ठराविक तासांनंतर ते खोलावे, भाग बदलावेत आणि पुन्हा जोडावे, अशी ही समजूत होती. माणसाच्या वार्धक्यावरून सुचलेली ही कल्पना दिसावयास इतकी साहजिक आहे, की तिच्याविषयी कोणी शंका घेतली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या सागरी विभागात पाणबुड्यांच्या शोधासाठी विमाने उडत असत. त्यांच्या कामाचा अभ्यास करण्यासाठी जे शास्त्रज्ञ नेमले होते, त्यांत कॉन्रॅड वॉडिंग्टन हा जीवशास्त्रज्ञ होता. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर विमानाची तपासणी करण्याचा नियम होता. या मंडळींनी बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या तेव्हा असे दिसले, की तपासणी झाल्याबरोबर बिघाड वाढतात आणि मग दिवसेंदिवस कमी होत जातात. म्हणजे सुरळीत चाललेल्या यंत्राला नियमाच्या नावाखाली उगाच हात लावल्याने ते बिघडत होते! वॉडिंग्टनने हा सारा वृत्तान्त लिहिला, पण तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला १९७३ मध्ये.

मधल्या काळात इतर देशांतही या विषयाचा पाया घातला जात होता. स्वीडनमधील अभियंता वालोडी वाइबुल याने १९५१ साली एका निबंधात संभाव्यतेचे एक सूत्र मांडले. वस्तू कोणत्या वयात आणि किती प्रमाणात मोडतात, हे त्याने सांगता येत असे. आपले सूत्र किती सर्वस्पर्शी आहे हे दाखविण्यासाठी त्याने जी उदाहरणे घेतली, त्यांत पोलादाची ताकद आहे, चिमणीतून उडणाऱ्या राखेच्या कणांचा आकार आहे, घेवड्याच्या दाण्यांची रुंदी आहे, आणि भारतीय कापसाच्या धाग्याची बळकटीही आहे. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांचा हिशेब मांडला, आणि या विद्येकडे नीट लक्ष दिल्यास देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील असा अंदाज दिला. यानंतर काही वर्षांतच तेथे यंत्रांच्या जोपासनेच्या शास्त्राला एक नवे नाव देण्यात आले. ते ज्या ग्रीक धातूपासून बनविले त्याचा अर्थ राखणे, सांभाळणे असा आहे. क्षेम याच शब्दाचे ते ग्रीक भावंड म्हणावयास हरकत नाही.

तथापि जुन्या समजुतीवर निर्णायक घाव घातला तो विमान कंपन्यांच्या अनुभवाने. युनायटेड एअरलाइन्स या अमेरिकन कंपनीतील स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेला अहवाल १९७८ मध्ये पूर्ण झाला. विमानाच्या भागांपैकी ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काहीच लाभ होत नाही, असे त्यात दाखविले होते. ६८ टक्के भागांच्या बाबतीत तर बिघाडाचा सर्वांत मोठा संभव भाग नवा असताना असतो. डीसी-८ या जुन्या विमानाच्या मूळ योजनेत ३३९ भाग ठराविक काळाने खोलावयाचे होते. डीसी-१० या नंतरच्या विमानात अशा भागांची संख्या अवघी ७ होती. हा आळस नव्हता. कशाला हात लावावा, कशाकडे नुसते लक्ष ठेवावे आणि काय मोडेपर्यंत चालू द्यावे, याचा विवेक त्यामागे होता. कोणता भाग मोडला असता काय परिणाम होईल, हा प्रश्न आधी विचारावयाचा आणि पाना मागाहून उचलावयाचा, हे त्याचे सार होते.

आता एक नवीच अडचण उभी राहिली. हे शास्त्र ज्याला सर्वांत उपयोगी, तो माणूस विद्यापीठात जाणार कसा? तो कोणी वीस वर्षांचा विद्यार्थी नव्हे. त्याचे वय पस्तीस-चाळीस, घरी मुलेबाळे, आणि त्याच्यावर सोपविलेले यंत्र तर क्षणभरही सोडता न येणारे. वीज केंद्रे, खाणी आणि शुद्धीकरण कारखाने विद्यापीठांच्या नगरांपासून दूर असतात. रात्रपाळी करणाऱ्याला सायंकाळच्या वर्गाचाही उपयोग नाही. ज्याने जावयाचे तो जाऊ शकत नसेल, तर विद्येनेच त्याच्याकडे गेले पाहिजे.

ही कल्पना मुळीच नवी नव्हती. १८४० साली इंग्लंडात स्वस्त टपाल सुरू होताच आयझॅक पिटमन याने आपल्या लघुलेखनाचे पाठ टपालाने धाडावयास आरंभ केला होता. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षांचे दार बाहेरच्या उमेदवारांना उघडले. पण यंत्र आणि खाण यांच्याशी टपालाचे नाते खऱ्या अर्थाने जुळले ते अमेरिकेत, आणि तेही एका भीषण आपत्तीनंतर. १८६९ च्या सप्टेंबरात पेनसिल्वेनियातील ॲव्हनडेल या कोळशाच्या खाणीत आग लागली. खाणीला वर येण्यास एकच मार्ग होता, आणि त्याच्यावरच लाकडी इमारत उभी होती. ती पेटली आणि ११० माणसे प्राणास मुकली. त्यानंतर खाणींच्या सुरक्षिततेचे कायदे होऊ लागले. १८८५ च्या कायद्याने मुकादमांना परीक्षा देणे भाग पडले. परंतु ज्याने बालपणापासून कुदळ चालविली, त्याने वायुवीजनाचे गणित शिकावे कोठे? त्याच प्रदेशातील थॉमस फॉस्टर या वृत्तपत्रकाराने आपल्या पत्रात खाणकामगारांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास प्रारंभ केला. त्यातूनच १८९१ मध्ये टपालाने खाणविद्या शिकविणारी त्याची शाळा निघाली. स्क्रँटन गावातील या शाळेचे विद्यार्थी पुढील पंधरा-वीस वर्षांत लक्षावधींच्या घरात गेले. म्हणजे टपालाने तांत्रिक शिक्षण ही कल्पना रुजली ती कोणाच्या हौसेखातर नव्हे, तर खाली उतरलेली माणसे जिवंत वर यावीत म्हणून.

लाट्रोब खोऱ्यात हे दोन प्रवाह एकत्र आले. १९६८ मध्ये तेथे उच्च शिक्षणाची एक संस्था स्थापन झाली, आणि चर्चिल या नव्याने वसविलेल्या गावी तिच्या इमारती उभ्या राहिल्या. यालोर्नच्या जुन्या तांत्रिक शाळेचा वारसा तिच्याकडे आला. विरळ वस्तीचा प्रांत असल्यामुळे विद्यार्थी येतील तेवढ्यांनाच शिकवावयाचे, असे म्हणून भागण्यासारखे नव्हते; तेव्हा सत्तरच्या दशकापासून तिने घरी बसून शिकणाऱ्यांची सोय केली. १९६९ मध्ये सनद मिळालेले ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९७१ पासून शिकवू लागले होते, आणि दूर राहून मिळविलेली पदवी ही दुय्यम पदवी नव्हे, हे जगाला पटू लागले होते. १९९० मध्ये ही संस्था मोनॅश विद्यापीठाशी जोडली गेली. याच गिप्सलँड केंद्रातून देखभाल आणि विश्वसनीयता या विषयांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, नोकरी सांभाळून आणि दूर राहून पुरा करता येईल अशा रीतीने, चालविण्यात आला. ज्या खोऱ्यात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुक्याने राबले, तेथेच त्याला विद्यापीठाची वाचा फुटली.

अशा अभ्यासाचा गुण त्याच्या रचनेतच आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला उदाहरणे पुस्तकातून मिळतात; याला ती स्वतःच्या कारखान्यात मिळतात. वाइबुलचे सूत्र वाचल्यावर तो आपल्याच पंपांच्या पाच वर्षांच्या नोंदी काढून बसतो, आणि त्याच्या ध्यानात येते की नोंदी नीट ठेवलेल्याच नाहीत. बिघाडाच्या रकान्यात ‘दुरुस्त केले’ एवढेच लिहिलेले असते; काय मोडले, का मोडले, याचा पत्ता नसतो. पुष्कळदा शिक्षणाचे पहिले फळ म्हणजे नोंदवहीतील रकाने बदलणे हेच असते. कंपनाचे माप, तेलातील धातूचे कण, सांध्याचे तापमान यांवरून यंत्राचे अंतरंग ओळखावयास तो शिकतो, आणि यंत्र थांबवावयाचे की चालू द्यावयाचे, हे सांगताना त्याच्या शब्दाला वरिष्ठांपुढे वजन येते.

या मार्गाच्या उणिवाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला शेजारी बसून शंका विचारण्यास सोबती नसतो. प्रयोगशाळेतील हातांचे काम टपालाने पोचत नाही. रविवार कुटुंबाचा राहत नाही. पूर्णवेळ विद्यार्थी एका वर्षात जे संपवितो त्याला दोन-तीन वर्षे लागतात, आणि मध्येच कारखान्यात मोठा बिघाड झाला की पाठ तसेच पडून राहतात. आरंभ करणाऱ्यांपैकी अनेकांना शेवट गाठता येत नाही, हा दूरस्थ शिक्षणाचा सर्व देशांतील अनुभव आहे. जे गाठतात ते मात्र अशा कसाला उतरलेले असतात, की त्यांच्या चिकाटीविषयी वेगळे प्रमाणपत्र लागत नाही.

विद्येला प्रतिष्ठा मिळाली म्हणून ती आचरणात येतेच असे नाही. आणि याचा कठोर पुरावाही याच खोऱ्याने दिला. १९९० च्या दशकात राज्याचे विद्युत् मंडळ विभागून खाजगी कंपन्यांना विकण्यात आले, आणि हजारो अनुभवी माणसे कामावरून गेली. १९६४ ते १९७१ या काळात उभारलेले हेझलवुड केंद्र आठ संचांनी १,६०० मेगावॉट वीज देत असे. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी वणव्याच्या ठिणग्या त्याच्या खाणीत पडल्या, आणि उघडा पडलेला कोळसा ४५ दिवस धुमसत राहिला. शेजारचे मॉर्वेल गाव धुराने कोंडले. चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. कोळसा काढून झालेल्या भागातील आग विझविण्याच्या पाण्याचे नळ पूर्वीच पुष्कळसे काढून टाकलेले होते. तो भाग आता उत्पन्न देत नव्हता. म्हणून त्याची राखण करण्याचे कोणाला प्रयोजन वाटले नाही. कोणता भाग मोडला असता काय होईल, हा या शास्त्राचा पहिला प्रश्न. तो प्रश्न या उजाड कडांविषयी वेळेवर आणि आग्रहाने विचारला गेला नाही, आणि त्याचे मोल गावाने दिले.

त्याच २०१४ सालच्या आरंभी चर्चिलचे शिक्षणकेंद्र मोनॅशकडून फेडरेशन विद्यापीठाकडे गेले. २०१७ च्या मार्चमध्ये हेझलवुड कायमचे बंद झाले, आणि २०२० मध्ये त्याच्या आठही चिमण्या पाडण्यात आल्या. मूळचे यालोर्न गाव तर त्याच्याखालील कोळशासाठी कित्येक वर्षांपूर्वीच उठविण्यात आले होते. केंद्र गेले, गाव गेले. विद्या मात्र राहिली. कारण ती एव्हाना एका खोऱ्याची उरली नव्हती. पवनचक्कीच्या दंतचक्रालाही झीज असते, आणि सूर्यशक्तीच्या संयंत्रालाही राखणदार लागतो.

भारताला हा इतिहास परका वाटू नये. कारखान्यात काम करीत खाजगी अभ्यासाने अभियंता होण्याची वाट १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स या संस्थेच्या परीक्षांनी येथेही घालून दिली. रेल्वेच्या कर्मशाळांतील आणि पोलादाच्या कारखान्यांतील अनेक माणसे त्या वाटेने वर आली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८२ मध्ये हैदराबादला, १९८५ मध्ये दिल्लीला आणि १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठे निघाली. स्वातंत्र्यानंतर या देशाने योगाचे पर्व मोठ्या ईर्षेने गाजविले. धरणे, वीज केंद्रे, कारखाने, पूल यांची गणती आता वर्षांच्या नव्हे तर पिढ्यांच्या हिशेबाने जुनी झालेली आहे. त्यांची कोनशिला कोणी बसविली हे तेथील दगडावर कोरलेले असते. त्यांचा पुढील काळ मात्र अवलंबून आहे तो पाळी संपवून घरी आल्यावर, मुले झोपली की दिवा ओढून घेऊन, बिघाडांच्या नोंदी पुढ्यात ठेवून बसणाऱ्या माणसावर. त्याच्यापर्यंत पुस्तक पोचविणे, आणि त्याने शिकून सांगितलेले ऐकून घेणे, या दोन्ही गोष्टी राष्ट्राच्या क्षेमात मोडतात. आणि त्यांतील दुसरी ही पहिलीहून अवघड आहे.